राजीनामा देण्याआधी

नगर
आगमन काळाचा पहिला आठवडा, २०२५

चि. शमुवेल यास,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलू म्हणाले असते, पण फोनवर तू आधी तापतोस आणि मग मी तापते. म्हणून कागद घेतला. प्रभू आता लवकरच परत येणार म्हणून तू नोकरीचा राजीनामा द्यायचं म्हणतोस, विम्याचा हप्ता या खेपेला भरला नाहीस, आणि वर मलाच विचारतोस, ‘आई, तू तयार आहेस का?’ त्याचं उत्तर लगेच देते. हो, आहे. बाकीचं सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, मी तुझ्या विश्वासाला हसत नाहीये. प्रभू परत येणार हे आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, उभं राहून म्हणतो, ‘तेथून तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल.’ ‘तुझे राज्य येवो’ असं तर जेवायच्या आधीही म्हणतो. आपल्या मंडळीत या विषयावर आगमन काळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार सोडले तर कोणी चकार शब्द काढत नाही, ही तुझी तक्रार मला पटते. पाळकसाहेबांना मी तसं बोलूनही दाखवलंय. मंडळी गप्प बसली की पोरं मोबाईलकडे वळणार, त्यात नवल काय?

पण तू ज्या चॅनलच्या नादी लागलायस, तिथलं गणित मला दाखव. १९४८ साली इस्राएल देश उभा राहिला, तेच प्रभूनं सांगितलेलं अंजिराच्या झाडाला पालवी फुटण्याचं चिन्ह, ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ असं प्रभू म्हणाला, पिढी ऐंशी वर्षांची, कारण नव्वदाव्या स्तोत्रात तसं आहे, म्हणून २०२८. बरोबर ना? आता ऐक. मी तरुण नर्स होते तेव्हा हेच गणित चालायचं, फक्त पिढी चाळीस वर्षांची होती. १९४८ अधिक चाळीस, म्हणजे १९८८. अमेरिकेत त्या वर्षी मंडळी उचलली जाण्याची, म्हणजे विश्वासणारे प्रभूकडे वर घेतले जाण्याची, ८८ कारणं देणारी एक पुस्तिका लाखोंनी खपली. लिहिणारा इंजिनीअर होता, तुझ्यासारखाच आकड्यांचा माणूस. १९८८ गेलं तेव्हा पिढीची व्याख्या लांबवली. परीक्षेत उत्तर चुकलं म्हणून पोरानं प्रश्नच बदलला तर तू काय म्हणशील?

याच सप्टेंबरच्या २३-२४ तारखेचं तर तुझ्या डोळ्यांसमोर झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाला म्हणे दर्शन झालं, यहुद्यांच्या कर्ण्यांच्या सणाला प्रभू येणार. जगभर व्हिडिओ फिरले, कोणी गाड्या विकल्या, कोणी नोकऱ्या सोडल्या. २५ तारीख उजाडली. ज्यानं गाडी विकली त्याला ती परत कोण देणार?

आणि हे आजचं नाही. विल्यम मिलर नावाचा न्यूयॉर्क प्रांतातला शेतकरी होता, बाप्तिस्त मंडळीचा, अगदी प्रामाणिक माणूस. दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांची त्यानं वर्षं केली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३ च्या सुमारास येऊन थांबला. पुढे त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. कित्येकांनी शेतातलं पीक काढलंच नाही. रात्रभर वाट पाहिली आणि पहाटेपर्यंत ढसाढसा रडले. त्या लोकांची मला खरंच कीव येते, ते ढोंगी नव्हते. कोरियातल्या दामी मिशनचं प्रकरण मात्र वेगळं. २८ ऑक्टोबर १९९२ ला मंडळी उचलली जाणार म्हणून लोकांनी घरदार विकून पैसे दिले, आणि त्यांच्या पुढाऱ्यानं त्यातून घेतलेल्या रोख्यांची मुदत त्या तारखेच्या नंतर संपत होती! फसवणुकीबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. तुझ्या त्या चॅनलवर खाली क्यूआर कोड असतो की नाही, तेवढं पाहून ठेव.

प्रभू स्वतः काय म्हणाला? त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. जे पुत्राला ठाऊक नव्हतं ते यूट्यूबवाल्याला कळलं असेल, तर मग बोलायलाच नको.

तू म्हणतोस, ‘पण चिन्हं तर दिसतात ना, लढाया, भूकंप, महागाई.’ दिसतात. मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की हा तर वेदनांचा प्रारंभ आहे. या प्रारंभाबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. माझी निम्मी नोकरी लेबर रूममध्ये गेली. वेणा सुरू झाल्या म्हणजे बाळ येणार हे नक्की. कधी, ते डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. सगळे म्हणतात ‘सकाळपर्यंत’ आणि बाई तासाभरात मोकळी होते. सगळे धावपळ करतात आणि दुसरा दिवस मावळतो. एका नाइटला माझ्या हाताखाली एक शिकाऊ पोरगी होती. फार कळकळीची. टेबलाजवळ उभी राहून सारखी घड्याळाकडे बघायची, दर पाच मिनिटांनी ‘सिस्टर, आता होईल का?’ बाळ आलं तेव्हा ट्रेमध्ये नाळेचा क्लॅम्पच नव्हता. मग कपाटाकडे पळापळ. मी तिला रागावले नाही, पण त्यानंतर माझ्या वॉर्डात एक शिस्त लावली: ड्यूटीवर आलं की आधी ट्रे. दोन आर्टरी फोर्सेप्स, कात्री, क्लॅम्प, म्यूकस सकर, ऑक्सिटोसिन, बाळ पुसायला कोरडे कपडे, वॉर्मर चालू. एवढं झालं की दुसऱ्या पेशंटचं बीपी घ्या, ड्रेसिंग करा, चहासुद्धा प्या. हाक आली की हात आपोआप ट्रेकडे जातो.

दहा कुमारींचा दाखला पुन्हा काढून वाच. आपल्या लक्षात राहतं की मूर्ख पाचजणी झोपल्या. तसं नाही. वराला उशीर झाला तेव्हा सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या, शहाण्यासुद्धा. फरक झोपेत नव्हता, बुधल्यातल्या तेलात होता. तू रात्री दोन-तीन वाजेपर्यंत भविष्यवाणीचे व्हिडिओ बघत जागतोस आणि सकाळी ऑफिसात डोळे चोळतोस, त्याला प्रभूनं सांगितलेलं जागणं म्हणत नाहीत.

तू तिसरीत असतानाची गोष्ट आठवते का? उन्हाळी शास्त्रवर्गात कोणीतरी तुम्हा पोरांना अंत्यकाळाची कसली तरी भयंकर फिल्म दाखवली होती. त्या आठवड्यात तू घरी आलास तर दार उघडं, कुकर गॅसवर आणि घरात कोणी नाही. मी मागच्या दारी शेजारच्या काकूंना कढीपत्ता देत होते. तुला वाटलं आम्ही सगळे उचलले गेलो आणि तू एकटाच मागे राहिलास. पोरा, तू इतका रडलास की तुला ताप भरला. पप्पा पहिल्यांदाच त्या शास्त्रवर्गाच्या लोकांशी चढ्या आवाजात बोलले. मला वाटतं ती भीती तुझ्यातून अजून गेलेली नाही. आता तिला तू तयारी म्हणतोस, एवढंच.

ज्या उताऱ्यावरून ते लोक भीती घालतात, तो पौलानं कोणासाठी लिहिला ते बघ. ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत माणसं वारली होती. मागे राहिलेल्यांना घोर लागला, प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं मागे पडतील की काय. त्यांना पौल लिहितो की तुतारीचा नाद होईल, आणि ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते पहिल्यानं उठतील. आणि शेवटची ओळ कोणती? ‘म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.’ घाबरवा, असं नाही. पप्पांच्या मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी हाच भाग वाचला होता. तू पेटीच्या उजव्या बाजूला होतास, तुझं लक्ष नसेल. माझं होतं. तेव्हापासून प्रभूचं येणं म्हटलं की मला आधी तुझे पप्पा दिसतात, त्या लिंबाखालच्या मातीतून माझ्या आधी उठणारे. मला कशाची भीती वाटणार?

त्याच थेस्सलनीकाकरांतल्या काहींनी पुढे काय केलं तेही वाच. दिवस आलाच असं समजून हातावर हात धरून बसले, लोकांच्या घरी जेवायचे आणि इकडचं तिकडे करत हिंडायचे. दुसऱ्या पत्रात पौल सरळ सांगतो, ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. हे सांगणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, आणि प्रभू येणार यावर त्याचा विश्वास तुझ्या-माझ्यापेक्षा कमी नव्हता.

मला आवडणारी एक खरी गोष्ट तुला सांगते. १९ मे १७८०. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात भर दिवसा अंधार पडला. पक्षी घरट्यात गेले, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, लोकांना घरात मेणबत्त्या लावाव्या लागल्या. आता आपल्याला माहीत आहे की तो दूरच्या जंगलांत लागलेल्या वणव्याचा धूर होता. त्या दिवशी कोणाला काय माहीत? लोकांना वाटलं न्यायाचा दिवस आला. हार्टफर्डला कनेक्टिकटच्या विधिमंडळाचं काम चालू होतं. एक सभागृह उठलं. दुसऱ्यातही तहकुबीची सूचना आली, तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सभासद उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा: न्यायाचा दिवस आला असेल किंवा आला नसेल. नसेल, तर तहकूब करायचं कारण नाही. असेल, तर प्रभूनं मला माझं काम करताना गाठावं असं मला वाटतं. मेणबत्त्या आणा.

‘मेणबत्त्या आणा’ हे मला फार आवडतं. आणि आपल्याकडचं बघायचं तर केडगावच्या पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या पोरी आणून सांभाळल्या, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, आणि इब्री-ग्रीक शिकून अख्ख्या शास्त्राचं भाषांतर करायला बसल्या. १९२२ साली गेल्या, तोवर त्याच कामात होत्या. ग्रंथ छापून झाला तो त्यांच्या मागे.

आता जे लिहायला कागद घेतला ते लिहिते. तुझ्या मेसेजमध्ये रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आहे, ‘रात्र सरत येऊन दिवस जवळ आला आहे.’ बारावं वचन. जरा वर सरक, आठव्या वचनावर. ‘एकमेकांवर प्रीती करणे ह्याशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका.’ चारच वचनं आधी! पप्पांच्या आजारपणात ताईनं तिच्या सोन्यावर कर्ज काढून दवाखान्याचं बिल भरलं. निम्मे तू देणार होतास. तू दिले नाहीस, तिनं एकदा विचारलं, तुला राग आला, आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. ती मला काही बोलत नाही, पण नाताळाला इकडे यायचं म्हटलं की आधी विचारते, ‘शमू कधी येणार आहे?’ म्हणजे तू नसताना यायचं. आणि तू मला विचारतोस, मी तयार आहे का!

मेंढरं आणि शेरडं वेगळी करायची वेळ येईल तेव्हा प्रभू काय विचारणार, तेही त्यानं लिहून ठेवलंय. भुकेला होतो, तहानेला होतो, परका, उघडा, आजारी, बंदिशाळेत. तारीख ओळखली का, हे त्या यादीत मला कुठे दिसलं नाही. आणि ज्यांनी सेवा केली त्यांना ती केल्याचं आठवतही नाही. ते उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?

तर तू असं कर. राजीनामा देऊ नकोस. दुसरी नोकरी हवी असेल तर शोध, त्याला माझी ना नाही, पण अंत्यकाळाचं निमित्त सांगू नकोस. विम्याचा हप्ता दंडासकट भर. दर महिन्याला ताईच्या खात्यात जमेल तेवढी रक्कम टाक, आणि पहिली टाकशील तेव्हा आधी फोन कर. नुसता बँकेचा मेसेज जाऊ देऊ नकोस, तिला ते लागेल. काय बोलायचं सुचलं नाही तर भाच्याच्या परीक्षेचं विचार, पुढचं ती बोलेल. रात्री अकराला मोबाईल बाजूला ठेव आणि मत्तयाचा चोविसावा आणि पंचविसावा अध्याय एका दमात, मध्ये न थांबता वाच. कोणाचं विवेचन नको, नुसता वाच. मग काही अडलं तर मला विचार, किंवा पाळकसाहेबांना फोन कर. त्यांनाही कोणीतरी या विषयावर विचारावं असं मला फार वाटतं.

नाताळाला २३ तारखेलाच ये. करंज्यांचं सारण मी करून ठेवते, लाटायला तू आणि ताई.

तुझी,
आई

ता. क. तुझा जुना स्वेटर उसवला होता, तो शिवून ठेवलाय. आणि त्या चॅनलला तू आजवर किती पैसे पाठवलेस ते मला खरं खरं सांग. रागावणार नाही. पण तेवढेच आधी ताईला दे.