गुडघ्याचा वात समजत होतो, निघाला हर्निया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमची आई, वय ८१, वजन जेमतेम ३६ किलो. वर्षभर म्हणत होती उजव्या मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जाते, आम्ही निरगुडीचा शेक दिला, तेल चोळलं, एक्सरे काढला त्यात वयाप्रमाणे झीज दिसली, मग काय, वाताच्या गोळ्या चालू. मधूनच पोट फुगायचं, उलट्या व्हायच्या, दोन दिवस पेजेवर राहिली की आपोआप बरं, ते पित्त. पायाचा डॉक्टर वेगळा आणि पोटाचा वेगळा, दोन्ही एकाला सांगावं हे आमच्यापण डोक्यात आलं नाही.

आगोटीच्या तोंडावर उलट्या थांबेचनात, हिरवं पडायला लागलं. तालुक्याला एका दवाखान्यात दोन दिवस सलाईन, गॅस आहे म्हणाले. जांघेत फुगवटा नाही त्यामुळे हर्नियाचं नाव कोण काढणार! शेवटी गाडी करून कोल्हापूर, घाटात प्रत्येक वळणाला ती विव्हळत होती. तिकडे एक तरुण सर्जन, माझ्या पोराच्या वयाचा असेल, त्याने पहिलं विचारलं, आजी, पाय असा दुमडून का धरलाय? पाय हळूच सरळ करून मागे नेला तशी ती किंचाळली. लगेच सीटी स्कॅन. ऑब्ट्युरेटर हर्निया.

कमरेच्या हाडात खाली एक भोक असतं, तिथून मांडीकडे नस जाते. बाई वाळली की तिथली चरबी झडते आणि आतडं त्यात शिरतं. नस दाबली की कळ गुडघ्यात, आतडं अडकलं की उलट्या, आणि कधीकधी ते आपलं आपण सुटतं, म्हणजे आमचं ते 'पित्त'. सगळ्या हर्नियांत हा १ टक्काही नाही, बाहेरून दिसत नाही, आणि उशीर झाला की आतडं काळं पडतं. आईचं वीतभर कापावं लागलं.

पाय मागे नेल्यावर येणाऱ्या त्या कळेला हाऊशिप-रोम्बर्ग साइन म्हणतात, पुस्तकातच आहे म्हणाला तो. त्याला मशीन लागत नाही हो, अर्धा मिनिट लागतो. आधीच्या डॉक्टरांवर राग नाही असं खोटं कशाला लिहू, थोडा आहेच. पण आमच्या वाडीत पोरं मुंबईला आणि घरोघरी अशाच वाळक्या म्हाताऱ्या, तेव्हा उलट्या करणाऱ्या आजीचा पाय एकदा सरळ करून बघा एवढंच मागणं, आणि रात्री सीटी काढला तर तो रात्रीच कोणीतरी वाचेल असं काही करा, फोटो काय मोबाईलवरपण जातात.

आई आता बरी आहे. पडवीत पाय लांब करून फणसाच्या आठळ्या सोलत बसते.

आपला,
एक वाचक, ता. देवगड