क्रूझ निवडताना मजले नव्हे, ड्राफ्ट विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत क्रूझच्या जाहिराती नेमाने येतात. वीस मजले, सात तरणतलाव, बर्फावर घसरण्याचं मैदान. जहाजाचं वर्णन भरभरून असतं. ते कोणत्या बंदरात किती तास थांबणार आणि त्यातले किती तास प्रवाशाच्या हाती लागणार, याचा पत्ता नसतो. मराठवाड्यातला माणूस समुद्रासाठी वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकतो. त्याला निदान काय विकत घेतोय हे कळायला हवं, म्हणून हे पत्र.

आज जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजांपैकी एक म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’. लांबी ३६५ मीटर, डेक २०, एका केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी ५,६१० आणि पूर्ण भरलं तर सुमारे ७,६००. त्याचं ग्रॉस टनेज अडीच लाखांच्या आसपास आहे. जाहिरातीत हा आकडा वजनासारखा छापतात, पण ते जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. प्रवाशाच्या कामाचा आकडा वेगळाच असतो: ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्याखाली किती खोल असतं ते. एवढ्या मोठ्या जहाजाचा ड्राफ्ट नऊ मीटरच्या पुढे जातो. तेवढं खोल पाणी आणि तेवढा लांब धक्का नसेल, तर ते गाव त्या जहाजासाठी नकाशावर नसल्यातच जमा.

उलट ‘गंगा विलास’ पाहा. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघून दिब्रुगडला पोहोचायचं, असा ५१ दिवसांचा, सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास. जहाज ६२ मीटर लांब, प्रवासी ३६, ड्राफ्ट अवघा १.४ मीटर. बिहारमध्ये छपराजवळ ते उथळ पाण्यात अडकल्याच्या बातम्या आल्या. प्रशासनाने सांगितलं की जहाज नांगरून पर्यटकांना लहान बोटींनी चिरांदचं उत्खननस्थळ पाहायला नेलं. नदीवर हे असंच चालायचं. पाणी कमी असेल तिथे जहाज मागे थांबतं आणि माणसं होडीने पुढे जातात. थंडीत नाथसागराच्या काठी रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: पक्षी उथळ पाण्यातच असतात, आणि तिथवर जायचं तर बोट लहानच हवी.

आता उतरण्याचा हिशोब. धक्का नसलेल्या ठिकाणी मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर बोटींनी माणसं किनाऱ्यावर पोहोचवतं. समजा २,००० जण उतरणार आहेत, शंभर-शंभर माणसांच्या चार बोटी आहेत आणि जाऊन-येऊन चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे तासाला सहाशे माणसं, आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत सुमारे सव्वातीन तास. परतताना तेवढाच वेळ. टेंडरची चिठ्ठी हातात घेऊन बसायचं, पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरीला पाट नाही. माहितीपत्रकात ‘मुक्काम आठ तास’ लिहिलेलं असतं, पण शेवटच्या बोटीची वेळ जहाज सुटण्याच्या तासभर आधीच असते. हाती तीन-चार तास उरले तरी पुष्कळ. लक्षद्वीपमध्येही मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबतं. वारा वाढला की बोटी सोडत नाहीत आणि त्या दिवशीचं बेट हुकतं.

ऐंशी प्रवाशांच्या जहाजावर हेच काम झोडिॲक नावाच्या रबरी बोटी करतात. एका बोटीत साधारण दहा जण, आठ बोटी सोडल्या की अर्ध्या तासात सगळे खाली. उतरण्याची रीत मात्र आधी शिकून घ्यावी लागते. खलाशाचा हात तळव्याने धरायचा नाही. त्याने तुमचं मनगट धरायचं, तुम्ही त्याचं. ओला तळवा सुटतो, मनगट सुटत नाही. बोटीत आल्याबरोबर कडेच्या फुगीर नळीवर बसायचं, उभं राहायचं नाही. वाळूवर उतरताना बसल्या जागी वळून दोन्ही पाय बाहेर टाकायचे आणि लाट मागे गेली की पाण्यात पाय ठेवायचा. पाचवारी साडीत हे जमत नाही. सलवार किंवा ट्रॅकपँट हवी. मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी हवी. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, त्यामुळे खांद्याची पर्स नको, पाठीवरची सॅक घ्या.

काही ठिकाणी तर नियमच लहान जहाजाच्या बाजूने आहेत. अंटार्क्टिकात पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज कोणालाही किनाऱ्यावर उतरवू शकत नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं असू शकतात. गालापागोसमध्ये एका जहाजावर जास्तीत जास्त शंभर प्रवासी. इटली सरकारने ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. म्हणून ‘अंटार्क्टिका क्रूझ’ स्वस्तात मिळते आहे असं दिसलं, की पहिला प्रश्न विचारा: उतरायला मिळणार, की डेकवरूनच बघायचं?

लहान जहाज रोजच्या दराने महाग पडतं, हे खरं आहे आणि त्याचं कारण सरळ आहे: इंधन, पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा), बंदर शुल्क, खलाशी हा सारा खर्च हजारोंऐवजी साठ-ऐंशी जणांत वाटला जातो. मोठं जहाज तिकीट कमी ठेवतं आणि दारू, कॅसिनो, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली यांतून वसुली करतं. अनेक अमेरिकी कंपन्या सेवाशुल्कही रोज माणशी आपोआप लावतात. ते १८ डॉलर धरले तर चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ५०४ डॉलर तिकिटाव्यतिरिक्त. लहान जहाजावर सहली, मार्गदर्शक आणि जेवण बहुधा भाड्यातच असतं. तुलना करायची तर दोन्हीकडचा पूर्ण खर्च मांडून करा.

मोठ्या जहाजाची बाजूही आम्ही मान्य करतो. घरात गुडघे दुखणाऱ्या आजी असतील, मधुमेह-हृदयविकार असेल, लहान मुलं असतील तर मोठंच घ्या. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना आहे आणि जहाज कमी हलतं. लहान जहाजावर जिने उभे असतात, डॉक्टर असेलच असं नाही आणि खुल्या समुद्रात बोट लागते. बोट लागणाऱ्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी; हेलकावे तिथे सर्वांत कमी. पुढच्या टोकाची, वरची केबिन दिसायला छान आणि झोपायला सर्वांत वाईट. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सरळ नदी निवडावी. ब्रह्मपुत्रेवर ऑक्टोबर ते एप्रिल हंगाम असतो, काझीरंगा आणि माजुली वाटेवर आहेत, आणि बोट लागण्याचा प्रश्न जवळपास नाही. तिथे वाळूची बेटं दर पुरानंतर जागा बदलतात, म्हणून जहाज दिवसाच चालवतात आणि रात्री नांगरतात. वेळापत्रक एखाद्या दिवसाने हललं तर तक्रार करू नये. परतीचं विमान मात्र त्याच संध्याकाळचं काढू नये.

जेवणाचंही आधी बोला. लहान जहाजावर भटारखाना एकच आणि वाटेत बाजार नाही. कांदा-लसूण नको, उपवास आहे, हे जहाजावर चढल्यावर सांगून उपयोग नाही. बुकिंग करतानाच लेखी कळवलं, तर तोच स्वयंपाकी मनापासून करून देतो.

आपल्या कोकणाचं आम्हाला फार वाईट वाटतं. मुंबई-गोवा मोठं जहाज संध्याकाळी सुटतं, रात्रभर किनाऱ्यापासून दूर चालतं आणि मुरगाव बंदरात उभं राहतं. विजयदुर्ग, जयगड, सिंधुदुर्ग अंधारात मागे पडतात. पणजीला जायला पुढे सुमारे तीस किलोमीटर बसने. २०१८ मध्ये या मार्गावर चारशेच्या आसपास प्रवाशांचं ‘आंग्रिया’ सुरू झालं होतं, पण ते टिकलं नाही. खाड्यांत शिरणारं पन्नास-साठ जणांचं जहाज याच किनाऱ्यावर, ऑक्टोबर ते मे, चालायला हवं. त्यासाठी मागणी करणारे प्रवासी आधी तयार व्हावे लागतील.

देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून त्याच दिवशीचं जहाज पकडण्याचा बेत बरेच जण करतात. गाडी चार तास उशिरा आली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

आपल्याला विनंती एवढीच: पर्यटन पुरवणीत क्रूझची माहिती छापताना प्रवासी संख्या, ड्राफ्ट, प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार की टेंडरने उतरवणार, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष मिळणारे तास, हे चार आकडे जरूर द्यावेत. ट्रॅव्हल कंपनीकडे ते असतात. विचारले की देतात.

आपले विश्वासू,
सागरी व नदी सहलींचे नियोजन करणारे काही वाचक, लातूर