गळका फवारणी पंप परत घेण्याबाबत आणि परतीच्या अटी बदलण्याबाबत तक्रार

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष फवारणी पंप आपल्या खर्चाने परत नेऊन संपूर्ण रक्कम बँक खात्यात मिळण्याबाबत

महोदय,

मी जिंतूर तालुक्यातील (जि. परभणी) अल्पभूधारक शेतकरी असून कोरडवाहू जमिनीत सोयाबीन आणि तूर घेतो. आपल्या संकेतस्थळावरून मी १६ लिटर क्षमतेचा, बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप मागवला. त्यासाठी १५० रुपये घरपोच शुल्क धरून एकूण ३,६०० रुपये आगाऊ भरले आणि पंप मला १४ जून रोजी मिळाला. हा पंप सदोष निघाला. तो परत घेण्याची माझी विनंती आपल्या प्रतिनिधींनी दोन कारणे देऊन नाकारली : परतीची सात दिवसांची मुदत उलटली आहे आणि पंप वापरलेला आहे. वारंवार पाठपुरावा केल्यानंतर, 'विशेष बाब' म्हणून मी तो स्वखर्चाने कुरिअरने पाठवावा आणि तपासणीत दोष आढळल्यास घरपोच शुल्क वजा करून उरलेली रक्कम आपल्याच ॲपवरील खात्यात जमा होईल, असे कळवण्यात आले. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे आपल्यापर्यंत नीट पोहोचावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी दोषाविषयी. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारण्याची वेळ आली तेव्हा, ६ जुलै रोजी, मी पंप प्रथम साध्या पाण्याने भरून पाहिला. औषध घालण्याआधी पंप स्वच्छ पाण्यावर चालवून पाहावा, असे आपल्याच माहितीपुस्तिकेत छापलेले आहे. टाकी अर्धी भरेपर्यंत काही जाणवले नाही. पाणी १० लिटरच्या खुणेवर गेले तसे टाकीच्या तळाशी, जिथून मोटारीकडे नळी जाते त्या सांध्यापाशी, थेंब धरू लागले. पंप पाठीवर घेऊन बटण दाबले, तेव्हा त्या थेंबांची बारीक धार झाली आणि सदरा कमरेपाशी भिजला. खाली उतरवून बोट फिरवले, तर सांध्याभोवतीच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर नखाला लागली. तेच पाणी खालच्या बॅटरीच्या कप्प्यातही उतरत होते. वायसर बदलून किंवा नट आवळून थांबणारी ही गळती नाही, कारण टाकीचा साचाच त्या जागी फुटका आहे. या सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ मी त्याच दिवशी आपल्याकडे पाठवले आहेत.

आता आपल्या सात दिवसांच्या मुदतीविषयी. आपण हा पंप शेतकऱ्यांसाठी म्हणून विकता, तेव्हा शेतीचे वेळापत्रक आपल्याला ठाऊक असणे अपेक्षित आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला आम्हाला दर हंगामात दिला जातो. पेरणीनंतर उगवण आणि पेरणीपासून साधारण १५ ते २० दिवसांनी तणनाशक, असा क्रम असतो. वेळेवर हाताशी असावा म्हणून शेतकरी पंप पावसाच्या तोंडावर घेतो आणि त्याचा पहिला उपयोग तीन-चार आठवड्यांनी होतो. पंखा किंवा मिक्सर घरी आला त्याच दिवशी लावून पाहता येतो. पंपाची परीक्षा मात्र तो भरून पाठीवर घेतल्यावरच होते, आणि पेरणीच्या धांदलीत तेवढी सवड कोणालाच नसते. शिवाय सात दिवसांची ही अट मला मिळालेल्या बिलावर कुठेही छापलेली नाही. ती संकेतस्थळावरील अटींच्या इंग्रजी पानावर, बऱ्याच खाली आहे.

'वापरलेला' हा आक्षेप तर मला अधिकच अन्यायाचा वाटतो. माझ्या पंपाच्या टाकीत आजपर्यंत पाण्याशिवाय दुसरे काही पडलेले नाही. पाणी न भरता टाकी गळते हे कोणाला कळणार आणि पाणी भरल्याबरोबर वस्तू वापरलेली ठरणार असेल, तर गळका पंप परत करण्याचा मार्ग आपण कोणत्या ग्राहकासाठी उघडा ठेवला आहे, याचे उत्तर मला हवे आहे.

आपण देऊ केलेल्या 'विशेष' सवलतीचा मी प्रामाणिकपणे विचार केला आणि तिचा हिशेब मांडला. आमच्या गावाच्या पिनकोडवर परतीची वस्तू घरून नेण्याची आपली सोय नाही, त्यामुळे खोके परभणीला कुरिअरच्या कार्यालयात नेऊन द्यावे लागते. पंपाचे वजन बॅटरीसह ६ किलोच्या आसपास आहे, पण कुरिअरचा दर आकारमानावर लागतो : खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ४० गुणिले २४ गुणिले ५२ या हिशेबाने माझे खोके १० किलोचे धरले गेले आणि भाडे ७०० रुपये सांगण्यात आले. एसटीचे जाण्यायेण्याचे १६०, खोके पुन्हा नीट बांधण्याचे सुमारे १०० आणि बुडालेल्या रोजाचे ५०० धरले, तर एकूण खर्च १,४६० रुपये होतो. आपण परत देणार ३,४५०. म्हणजे माझ्या पदरात १,९९० रुपये पडणार, तेही रोख नव्हे. ते मिळवायचे तर पुन्हा आपल्याकडूनच काहीतरी विकत घ्यायचे. बॅटरी आत असल्यामुळे पार्सल स्वीकारायचे की नाही, हेही त्या कार्यालयाने खात्रीने सांगितले नाही.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मला हा नाद सोडायला सांगितले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला, असे त्यांचे म्हणणे. मोंढ्यातील मेकॅनिक चारपाचशे रुपयांत चिकटवून देतो म्हणाला. केवळ पैशांचा विचार केला असता, तर मीही तेच केले असते, आणि माझी खात्री आहे की आपले बहुतेक ग्राहक तेच करत असतील. परतीचा खटाटोप वस्तूच्या किमतीला भिडला की माणूस 'जाऊ द्या' म्हणतो आणि सदोष वस्तूचे पैसे कंपनीकडेच राहतात. ही रचना जाणूनबुजून केलेली असो वा नसो, तिचा फायदा आपल्यालाच मिळतो.

तरीही मी पंप परत करण्याचे ठरवले, कारण ही गळती पाण्यापुरती राहणारी नाही. या टाकीत पुढे तणनाशक आणि कीटकनाशक पडणार होते, आणि सांधा नेमका कमरेवर येतो. २०१७ साली विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे अजून कोणी विसरलेले नाही. अंगावर भिजलेला कपडा तसाच ठेवून दिवसभर फवारत राहणे किती घातक आहे, हे तेव्हापासून आम्हाला वारंवार सांगितले जाते. गावात पंप एका घरात राहत नाही. तो भावकीत आणि शेजारी उसना जातो, आणि पुष्कळदा तो पाठीवर घेणारा मालक नसतो, तर पंपामागे ठरलेल्या पैशांवर फवारणारा मजूर असतो. त्याची मजुरी किती पंप मारले यावर असल्याने, पाठ ओली झाली म्हणून तो थांबत नाही. चिकटवलेली चीर भर हंगामात केव्हा उघडेल याची हमी मेकॅनिक देणार नव्हता. असा पंप मी घरात ठेवू शकत नाही, कोणाला विकू शकत नाही आणि कोणाच्या पाठीवर देऊही शकत नाही. यंदाची तणनाशकाची फवारणी मी शेजाऱ्याच्या हातपंपावर उरकली.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्या बिलावर मुदत नाही आणि माझी तक्रार पंप मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत नोंदवलेली आहे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. पंप शेतीच्या धंद्यासाठी घेतला असल्याने मी ग्राहकच नाही, असेही आपल्या एका प्रतिनिधीने फोनवर सुचवले. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यातील 'ग्राहक' या व्याख्येतून वगळलेली नाही, आणि शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे निगमाच्या प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केले आहे.

माझी मागणी अशी आहे की, आपण आपल्या खर्चाने पंप माझ्या घरून न्यावा, ते अगदीच अशक्य असेल तर निदान जिंतूरला तो स्वीकारण्याची व्यवस्था करावी, आणि ३,६०० रुपये पूर्ण, मूळ देयक ज्या बँक खात्यातून झाले त्याच खात्यात परत करावेत. बदली पंप मला नको, कारण त्याच साच्यातील दुसऱ्या टाकीवर माझा आता विश्वास नाही. त्या उत्पादन गटातील इतर पंपांचे सांधेही तपासावेत आणि दोष आढळल्यास ज्यांना ते विकले त्यांना कळवावे, ही माझी तितकीच आग्रहाची मागणी आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखाच हिशेब मांडून पंप चिकटवून घेतला असेल आणि येत्या आठवड्यांत तो कीटकनाशकाने भरला जाईल. यापुढे शेती अवजारांच्या परतीची मुदत किमान एका हंगामाची असावी, पाण्याने घेतलेली चाचणी वापर समजू नये, आणि या अटी मराठीत, बिलावरच छापाव्यात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून परभणी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. बिलाची प्रत, सांध्याचे फोटो आणि आपल्या प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. पंप मी धुऊन, कोरडा करून मूळ खोक्यात ठेवला आहे आणि आपला माणूस येईल त्या दिवशी तो त्याच्या ताब्यात देईन.

कळावे,

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
तालुका जिंतूर, जिल्हा परभणी