जाहिरातीचे पैसे घेणाऱ्यालाही जाब विचारायला हवा

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आपल्या दैनिकात आली की तिच्याखाली बहुधा एक चौकट असते. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवा, अशा सूचना तीत दिलेल्या असतात. ही चौकट उपयोगाची आहे. आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल वापरायला शिकवतो, तेव्हा ती कापून तिथल्या फलकावर लावतो. मात्र चौकटीतल्या सगळ्या सूचना ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठीच असतात आणि ज्याने पैसे घेऊन भामट्याची जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचवली, त्याच्यासाठी तिथे एकही ओळ नसते, ही गोष्ट मला बरेच दिवस सलते आहे.

सलण्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा, आम्ही तिला अक्का म्हणतो, फ्रीज उन्हाळ्यात बंद पडला. वॉरंटी शिल्लक होती. कंपनीचा सेवा क्रमांक फ्रीजच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून चिकटवलेला होता आणि बहात्तर वर्षांच्या बाईने एकटीने फ्रीज ओढून तो वाचणे शक्य नव्हते. तिने मोबाइलवर कंपनीचे नाव आणि 'कस्टमर केअर' असे टाकून शोधले. सर्वांत वर कंपनीचेच नाव असलेली ओळ आली आणि तिच्या शेजारी फोन लावण्याचे बटण होते. अक्काने ते दाबले. पलीकडचा मुलगा मराठीत, अदबीने बोलला. त्याने तक्रार क्रमांक दिला, नोंदणीसाठी दहा रुपये भरावे लागतील असे सांगितले आणि ते भरायला मदत करतो म्हणून एक ॲप घ्यायला लावले. आपल्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ते ॲप होते. अक्काने ओटीपी कुणालाही सांगितला नाही. तो सांगण्याची गरजच उरली नव्हती, कारण तिच्या पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर त्याला तिकडे दिसत होते. अर्ध्या तासात तिच्या पेन्शनच्या खात्यातून ८३ हजार रुपये गेले. मला कळेपर्यंत तीन तास उलटले होते. १९३० वर फोन केल्यानंतर पुढच्या एका खात्यात अडकलेले थोडे पैसे गोठवता आले, बाकीचे तोवर काढले गेले होते.

मी स्वतः बँकेत नोकरी केली आहे, त्यामुळे पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या बाजूने चांगले संरक्षण दिले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत अन्यत्र कुठे तरी आहे, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. परंतु नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असे ठरले, तर तो बँकेला कळवीपर्यंत गेलेली सगळी रक्कम त्याच्याच माथी बसते. अक्काच्या अर्जावर बँकेने निष्काळजीपणाचाच शेरा मारला. नियमाप्रमाणे त्या शाखेतल्या माणसाला दुसरे काही लिहिता आले असते असे मला वाटत नाही. पण त्या एका शब्दाने अक्का खचली. तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवलेली ही बाई "माझंच चुकलं रे" असे म्हणत महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हती. पैशाच्या आकड्यापेक्षा हे मला अधिक लागले.

तिचे नेमके काय चुकले, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. तिने अनोळखी लिंक उघडली नव्हती. तिला कुणी धमकीचा फोन केला नव्हता. अधिक व्याजाच्या लोभाने ती कुठे गेली नव्हती. वॉरंटीतला फ्रीज दुरुस्त करून घेण्यासाठी तिने स्वतः क्रमांक शोधला आणि सगळ्यांत वरचा उचलला. ती ओळ म्हणजे शोधाचे उत्तर नव्हते, ती विकत घेतलेली जागा होती. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असा शब्द होता, जो मी चष्मा लावून दाखवल्यावर तिला दिसला. तरी त्याचा अर्थ ही जाहिरात आहे असा होतो, हे मला तिला समजावून सांगावे लागले. 'जाहिरात' हा साधा शब्द मराठीत असताना लोकांना सहज कळणार नाही असा शब्द तिथे का वापरला जातो, हा प्रश्न तिने मला विचारला आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

या जागांची विक्री कशी होते हेही वाचकांना माहीत असायला हवे. आपण शोधाचे शब्द टाकले की त्या शब्दांवर बोली लावून बसलेल्या जाहिरातदारांमध्ये त्याच क्षणी लिलाव होतो. बोलीची रक्कम, जाहिरातीचा दर्जा असे काही निकष लावून कोणाची ओळ वर जायची ते ठरते आणि आपण तिच्यावर बोट ठेवले की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे वळते होतात. म्हणजे अक्काने फोनचे बटण दाबले तेव्हा पहिली कमाई भामट्याची झालीच नव्हती. ती जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीची झाली. अक्काचे पैसे गेले, त्या टोळीचा तो क्रमांक बंद झाला, पण जाहिरातीच्या बिलाचे पैसे जिथे गेले तिथेच राहिले. बँकेने अक्काला निष्काळजी ठरवले, मात्र तिला तिथवर आणणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली होती का, हे कुठल्याच टेबलावर कुणी विचारले नाही.

वर्तमानपत्राशी तुलना करायचा मोह मला आवरत नाही. काही वर्षांपूर्वी घर भाड्याने देण्यासाठी मी चार ओळींची छोटी जाहिरात दिली होती, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने माझ्या ओळखपत्राची प्रत मागून घेतली होती. प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. ही प्रथा १८६७ च्या कायद्यापासून चालत आली आहे आणि त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. छापील कागदावर चार ओळी आल्या तर कोणाला विचारायचे हे शेतकऱ्यालाही कळते. लाखो मोबाइलवर क्षणात झळकणाऱ्या ओळीबाबत ते कळत नाही.

कायद्यात यासाठी काहीच नाही असे नाही, पण जे आहे ते निसटून जायला पुरेशी वाट ठेवते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र ती नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून प्रसिद्ध झाली असेल तर सूट आहे. जिचा मुख्य व्यवसायच जाहिराती दाखवण्याचा आहे, अशा कंपनीला ही सूट जवळजवळ कायमची मिळते. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थाला, म्हणजे तो मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळाला किंवा ॲपला, जबाबदार धरत नाही. टपाल खात्याने पत्र उघडून वाचू नये, तसा हा विचार आहे आणि सामान्य माणसाच्या मजकुराबाबत तो योग्यही आहे. पण जाहिरातीची गोष्ट वेगळी आहे. कोणती ओळ, कोणत्या शब्दाला, कोणत्या माणसाला, किती पैशांत दाखवायची हे सगळे ठरवणारा केवळ मध्यस्थ कसा राहील? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात हाच मुद्दा धरला होता. सामान हलवणाऱ्या एका कंपनीच्या नावावर दुसऱ्यांना बोली लावू दिली जात होती. जाहिरातींच्या या व्यवस्थेत गूगल निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे आणि त्यातून व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) हक्काचे उल्लंघन होत असेल तर कलम ७९ चे संरक्षण मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल कंपनीच्या नावाचा हक्क राखण्यासाठी होता. त्या नावावर विसंबून फोन करणाऱ्या ग्राहकाला तोच न्याय लागू झाला पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

जाहिराती असंख्य असतात, प्रत्येकीची खातरजमा करणे अशक्य आहे, असे यावर सांगितले जाते. ते मला पटत नाही, कारण जिथे नियामकाने जोर लावला तिथे खातरजमा सुरू झालेली दिसते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे नोंदणी असलेल्या संस्थांना सांगितले की गूगल, मेटा (फेसबुकची मालक कंपनी) यांसारख्या ठिकाणी जाहिरात करायची असेल, तर सेबीच्या नोंदीत असलेल्या ईमेल आणि मोबाइलनेच तिथे खाते उघडावे, म्हणजे जाहिरातदार खरा आहे की नाही हे ताडून पाहता येईल. शेअर बाजारासाठी जे जमते ते फ्रीज, गॅस सिलिंडर, विमा आणि कुरिअरच्या सेवा क्रमांकांसाठी का जमू नये? शिवाय रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिलेले वृत्त प्रत्येकाने वाचावे असे आहे. २०२४ च्या महसुलातला सुमारे १० टक्के वाटा फसव्या योजनांच्या आणि बंदी असलेल्या वस्तूंच्या जाहिरातींतून येईल, असा अंदाज कंपनीतच बांधला गेला होता. जाहिरातदार ठक असल्याची किमान ९५ टक्के खात्री यंत्रणेला वाटली तरच त्याला बंद करायचे, त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून अधिक दर घ्यायचा, अशी पद्धत असल्याचेही त्या वृत्तात होते. हा अंदाज ढोबळ असून त्यात नको तेवढे सगळे धरले गेले आहे, असे उत्तर कंपनीने दिले. ते मान्य केले तरी संशयिताला ओळखण्याचे साधन हाताशी आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

बाहेरच्या देशांत ही जबाबदारी आता कायद्यात येऊ लागली आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात मोठ्या कंपन्यांवर फसव्या जाहिराती रोखण्याचे कर्तव्य टाकलेले आहे आणि ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात बँका व दूरसंचार कंपन्यांबरोबर डिजिटल कंपन्यांनाही धरले आहे. आपल्याकडे बँकांवर आणि फोन कंपन्यांवर बरीच बंधने आली आहेत, हे मी आनंदाने नमूद करतो. बँकांची संकेतस्थळे आता बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर गेली आहेत आणि सेवेच्या फोनसाठी १६०० पासून सुरू होणारे क्रमांक ठरले आहेत. साखळीतला तिसरा दुवा, जाहिरात विकणारा, तेवढा मोकळा राहिला आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे माझे मागणे फार मोठे नाही. ज्या जाहिरातीत फोन क्रमांक आहे किंवा 'कस्टमर केअर' हे शब्द आहेत, ती त्या नावाच्या कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दाखवू नये. जाहिरात फसवी निघाली आणि पोलिसांत तक्रार झाली, तर तिच्यापोटी घेतलेले सगळे पैसे आणि बुडालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा जाहिरात दाखवणाऱ्याने भरावा. 'जाहिरात' हा शब्द आजूबाजूच्या अक्षरांएवढाच मोठा, वापरणाऱ्याच्या भाषेत असावा. प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार सांगितले आहेत आणि मजकुराच्या वेशातली जाहिरात हा त्यांतला एक आहे, तेव्हा निदान या शेवटच्या मागणीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांनाही एक सांगायचे आहे. लोक क्रमांक शोधत हिंडतात, कारण तुम्ही तो दडवता. ॲपमधल्या चॅटला आणि यंत्राच्या आवाजाला कंटाळूनच माणसे दुसरीकडे विचारायला जातात. सेवा क्रमांक फ्रीजच्या दाराच्या आतल्या बाजूला, बिलावर आणि वॉरंटी कार्डावर ठळक छापा, आणि तो लावल्यावर माणसाने फोन उचलावा अशी व्यवस्था करा.

आपल्याला एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराने पोलिसांना आणि तक्रारदाराला एक प्रश्न जरूर विचारावा की भामट्याचा क्रमांक मुळात मिळाला कुठून. जाहिरातीतून मिळाला असेल तर ती कुठे दिसली, हे बातमीत लिहावे आणि ती दाखवणाऱ्या कंपनीचे म्हणणे मागवून तेही छापावे. अक्काच्या तक्रारीत पैसे ज्या खात्यांत गेले त्यांचे क्रमांक आहेत, त्या मुलाचा मोबाइल क्रमांक आहे, ॲपचे नाव आहे. ज्या जाहिरातीतून हे सगळे सुरू झाले तिचा मात्र त्यात उल्लेख नाही, कारण तक्रार लिहून घेताना ते कुणी विचारले नाही आणि सांगायला हवे हे तेव्हा मलाही सुचले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, जिल्हा सांगली