पुस्तकात चुकणारा विद्यार्थी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर आपल्या अंकात गणिताच्या भीतीवर बरीच पत्रे आली. ‘पाढे लहानपणी पाठ झाले तर झाले, नंतर त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही,’ असे एका वाचकाने लिहिले होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी परळमधल्या एका रात्रशाळेत अकरा वर्षे गणित शिकवते आहे. माझ्या वर्गात कुणी कॅन्टीनमधून सुटून येतो, कुणी दिवसभर कुरिअर वाटून, कुणी चार घरची धुणीभांडी आटपून. सातचा आणि आठचा पाढा म्हणताना त्यांच्यातले कित्येक जण अडखळतात. त्यांच्या वतीने हे लिहिते आहे.

पहिल्या तासाला मी त्यांना सॅम्युएल पीप्सची गोष्ट सांगते. १६६२ साली हा माणूस २९ वर्षांचा होता, केंब्रिजचा पदवीधर होता आणि लंडनला इंग्रजी नौदलाच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होता. जहाजांसाठी लाकूड, दोरखंड, डांबर यांची खरेदी त्याच्या नजरेखालून जायची. ठेकेदाराने लाकडाचे माप वाढवून लावले तर ते पकडायचे कसे, हे मात्र त्याला येत नव्हते. म्हणून ४ जुलैला पहाटे पाचला उठून त्याने कूपर नावाच्या एका दर्यावर्दी माणसाकडे शिकवणी सुरू केली. पहिला धडा होता गुणाकाराचे पाढे. पाचच दिवसांनी त्याने रोजनिशीत लिहिले आहे की पहाटे चारला उठून पाढ्यांशी झटतो आहे, अंकगणितात अडचण काय ती त्यांचीच. हाच पीप्स १६८४ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ छापायला परवानगी मिळाली ती त्याच्या सहीने, आणि त्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर त्याचे नाव आहे.

केंब्रिजला जाऊनही पाढे येत नव्हते याचे वर्गात सगळ्यांना नवल वाटते. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेत जाणे म्हणजे लॅटिन आणि ग्रीक शिकणे. हिशेब हे व्यापाऱ्यांचे, खलाशांचे, सुतारांचे, जमीन मोजणाऱ्यांचे काम मानले जाई. त्याच काळातल्या जॉन वॉलिस या गणितज्ञाने आपल्या आठवणींत हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. तो १५ वर्षांचा असताना नाताळच्या सुटीत घरी आला, तर धाकटा भाऊ धंद्यात पडण्यासाठी हिशेब शिकत होता. थोरल्याने धाकट्याकडून पंधरवड्यात अंकगणित उचलले. पुढे १६४९ मध्ये तो ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक झाला, आणि अनंतासाठी आपण जे आडव्या आठसारखे चिन्ह काढतो ते त्यानेच रूढ केले. सुरुवात उशिरा झाली, गुरू कमी शिकलेला होता, म्हणून त्याचे काय अडले?

शाळा शिकवत नव्हती तेव्हा लोकांना आधार होता तो छापील पुस्तकांचा. लंडनमध्ये १५२२ साली कथबर्ट टन्स्टलचे अंकगणित निघाले ते लॅटिनमध्ये. दुकानदाराला त्याचा काय उपयोग? पुढे १५४३ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने ‘द ग्राउंड ऑफ आर्ट्स’ हे पुस्तक साध्या इंग्रजीत लिहिले. रेकॉर्ड वेल्समधल्या टेन्बी गावचा, पेशाने डॉक्टर. आज जगभर वापरले जाणारे बरोबरचे चिन्ह (=) १५५७ मध्ये त्यानेच दिले; दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन गोष्टी दुसऱ्या नसतात, असे कारणही दिले. १५५८ मध्ये तो कैदेत वारला. अब्रूनुकसानीच्या खटल्यात एका बड्या सरदाराला हजार पौंड द्यायचा हुकूम झाला होता, ते त्याच्याने फिटले नाहीत. त्याचे पुस्तक मात्र १६९९ पर्यंत पुन:पुन्हा छापले जात राहिले.

त्या काळच्या लोकांचे हिशेब सोपे नव्हते. चार फार्दिंगचा एक पेनी, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. सोन्याचे वजन वेगळे, किराण्याचे वेगळे. जमाखर्चाच्या वह्या बऱ्याच ठिकाणी अजून रोमन आकड्यांत होत्या, आणि त्या आकड्यांत बेरीज कागदावर होत नाही. त्यासाठी फळीवर रेघा आखून नाण्यासारख्या चकत्या मांडत: खालच्या रेघेवर एकं, तिच्यावर दहं, मग शतं, आणि दोन रेघांमधल्या जागेत पाच, पन्नास, पाचशे. रेकॉर्डने आधी लेखणीने आकडे मांडायला शिकवले आणि मग या चकत्यांनाही पुस्तकात जागा दिली. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी, आणि येते पण ऐन वेळी लेखणी हाताशी नाही त्यांच्यासाठीही. अक्षरओळख नसलेल्या माणसाची ही आठवण मला फार मोलाची वाटते.

शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये मेंढपाळाचा मुलगा रस्त्यात उभा राहून हिशेब करतो: ११ मेंढ्यांची लोकर एक टॉड, म्हणजे २८ पौंड वजनाची; एका टॉडचे एक पौंड एक शिलिंग; तर १५०० मेंढ्यांचे किती? आणि म्हणतो, चकत्यांशिवाय हे मला जमायचे नाही. मी हे गणित वर्गात घातले. भंगाराच्या दुकानात काम करणारा एक जण म्हणाला, “मॅडम, हे तर आमच्या पत्र्याच्या भावासारखं आहे.” खरेच आहे. हे आपले त्रैराशिक, आर्यभटाच्या ग्रंथात ४९९ सालीच आलेले. युरोपातले व्यापारी त्याला सोन्याचा नियम म्हणत. उत्तर १४३ पौंड ३ शिलिंग आणि साडेसात पेन्सच्या थोडे वर येते. वर्गाने ते तासाभरात काढले.

पण मला रेकॉर्डचे पुस्तक सर्वांत आवडते ते त्याच्या मांडणीसाठी. ते सगळे गुरू आणि शिष्याचे बोलणे आहे. शिष्य शंका काढतो, घाई करतो, चुकतो, आणि ते सगळे छापलेले आहे. एके ठिकाणी तो म्हणतो, आधी तुम्ही करून दाखवलेत तर मला बरे जमेल. गुरूचे उत्तर साधारण असे: न शिकवलेलेही करून पाहा, नाहीतर शिकवले तेवढेच येईल, आणि ते घोकणे होईल, समजणे होणार नाही.

त्याच पुस्तकातली गुणाकाराची एक रीत मी फळ्यावर घेते. पाचपर्यंतचे पाढे आले की ती पुरते. ८ लिहा, त्याखाली ७. दहाला आठ किती कमी? २, ते आठसमोर लिहा. सात किती कमी? ३, ते सातसमोर. आता तिरके वजा करा: आठातून तीन गेले, पाच. समोरच्या दोघांचा गुणाकार, सहा. छप्पन्न.

मागच्या महिन्यात घरकाम करणाऱ्या एका ताईंना मी ६ गुणिले ७ दिले. त्यांनी समोर ४ आणि ३ मांडले, सहातून तीन वजा करून ३ लिहिले, चार त्रिक बारा लिहिले. फळ्यावर झाले ३१२. मी काही बोलले नाही. त्या दोन पावले मागे सरकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सात-सात सहा वेळा मोजलं तर तीनशे कसे होतील?” बोटांवर मोजून त्यांनीच बेचाळीस काढले. मग मागच्या बाकावरून कुरिअरवाला मुलगा म्हणाला, “बाराचा एक शेजारी सरकवा ना, तीनाचे चार होतील.” हातचा म्हणजे काय ते त्या संध्याकाळी वर्गाला कळले. मी आधी नियम सांगितला असता तर तो वहीत उतरला असता, इतकेच.

असे उतरवणे इंग्लंडमध्येही खूप झाले. मुले नियम आणि त्याखाली सोडवलेले उदाहरण स्वतःच्या वहीत वळणदार अक्षरात नकलून घेत. ती वही हेच त्यांचे शिक्षण. १६७८ मध्ये एडवर्ड कॉकरच्या नावाचे अंकगणित आले, त्याच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या, आणि ‘कॉकरप्रमाणे’ हा शब्द बिनचूक या अर्थाने इंग्रजीत रुळला. त्या पुस्तकात नियम आहे, उदाहरण आहे, विचारणारा शिष्य नाही. नियम, सोडवलेले उदाहरण, सरावसंच: आपली पुस्तके उघडली की हाच साचा दिसतो. ३१२ लिहिणाऱ्या ताईंना त्यात जागा नाही. आपली चूक फक्त आपलीच, आपण एकटेच मठ्ठ, असे त्यांना वाटते ते यामुळेच.

नवी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांकडे माझे एकच मागणे आहे. प्रत्येक धड्यात एक तरी चुकीचे उत्तर छापा. ते कुणाला का सुचले असेल ते त्याच्या तोंडून सांगू द्या, आणि सुधारू द्या त्यालाच. काल्पनिक चुका शोधायची गरज नाही. माझ्या वर्गात झालेल्या चुका आणि त्यांमागचा विद्यार्थ्यांचा विचार मी तारखेसह लिहून ठेवते. अशा पाच वह्या भरल्या आहेत, सहावी चालू आहे. हातच्याच्याच तीसेक आहेत. कुणाला पाहायच्या असतील तर साडेसहानंतर वर्गात यावे.

आपली,
रात्रशाळेतील एक गणित शिक्षिका
परळ, मुंबई