खलनायक कापण्याआधी त्याची कामे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरहिरोपटातला नको असलेला खलनायक काढून टाकायचा आणि उरलेला चित्रपट पुन्हा सांधायचा, याला ‘फॅन एडिट’ म्हणतात. संकलन शिकायला याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही. साधारण बऱ्या संगणकावर कुडाळ-सावंतवाडीतल्या मुलामुलींना तो घरबसल्या गिरवता येतो. पण बहुतेक प्रयत्न एकाच चुकीने फसतात. खलनायक जिथे दिसतो ती दृश्ये कापली जातात आणि त्याने कथेत केलेली कामे तशीच लोंबकळत राहतात.

दशावतार पाहत वाढलेल्यांना हे फार समजावून सांगायला नको. खेळाच्या सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर हा राक्षस ब्रह्मदेवाचे वेद पळवतो म्हणून विष्णू येतो. संकासुराला वगळले तरी विष्णूची एंट्री होईल, पण तो लढणार कोणाशी आणि ब्रह्मदेवाला परत काय आणून देणार?

उदाहरणासाठी २००७ चा ‘स्पायडरमॅन ३’ घेऊ. १३९ मिनिटांच्या या चित्रपटात सँडमॅन, हॅरी (पीटरचा म्हणजे स्पायडरमॅनचा मित्र, जो शेवटी त्याच्याच बाजूने लढतो) आणि व्हेनम असे तीन खलनायक आहेत. त्यातला व्हेनम सर्वांत उशिरा येतो, म्हणून काढायला सोपा वाटतो. वही घेऊन त्याची कामे लिहून काढा. पीटरने काढून टाकलेल्या पोशाखाचा काळा पदार्थ तो अंगावर घेतो. सँडमॅनला शोधून त्याच्याशी हातमिळवणी करतो. पीटरची प्रेयसी मेरी जेन हिला पळवून टॅक्सीसकट उंचावर जाळ्यात टांगतो. आणि हॅरीचा जीव घेतो. ही चार कामे चार ठिकाणी सोडवावी लागतात.

पहिले सोपे आहे. घंटाघरात पीटर काळा पोशाख ओरबाडून काढतो, तिथे खाली एडी ब्रॉक (जो पुढे व्हेनम होतो) उभा असल्याचे शॉट मध्ये मध्ये येतात. ते सगळे काढा, त्याची चर्चमधली प्रार्थनाही काढा. घंटेचा आवाज सलग ठेवला की त्याखाली चित्रातले सांधे झाकले जातात. ब्रॉक मग फक्त खोटा फोटो छापून नोकरी गमावणारा छायाचित्रकार उरतो, आणि तेवढे पुरेसे आहे. हातमिळवणीचे दृश्य अख्खे जाऊ द्या.

खरी अडचण शेवटच्या लढाईत आहे. व्हेनम नाही म्हटल्यावर हॅरीला मारले कोणी? सोपा उपाय असा सुचतो की, सँडमॅनचा अवाढव्य हात दाखवायचा आणि लगेच पडलेला हॅरी. दिसायला सांधा बेमालूम बसेल. पण पुढच्याच दृश्यात सँडमॅन पीटरच्या काकाच्या मृत्यूची कबुली देतो आणि पीटर त्याला क्षमा करतो. मित्राला नुकतेच मारणाऱ्याला शेजारी मित्र मरत असताना क्षमा! चित्रपटाचा कणाच तिथे मोडतो. एकाचे पाप असे दुसऱ्याच्या माथी गेले की ज्या दृश्याला हातही लावलेला नाही, तेसुद्धा नासते. त्यामुळे हॅरीला जखम होण्याआधीच तिथून निघावे, थेट सँडमॅनच्या कबुलीवर यावे, अंत्यसंस्कार गाळून क्लबमधल्या शेवटच्या नाचावर संपवावे, हे आमचे मत. हॅरीचा धागा सुटा राहतो, पण खोटी हत्या दाखवण्यापेक्षा ते बरे. टॅक्सीभोवतीची काळी जाळी मात्र पुसता येत नाही. तिचे शॉट कमीत कमी ठेवणे एवढेच हातात आहे.

आता यंत्राकडची बाजू. प्रोजेक्टचा वेग, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (स्थिर चित्रे) दिसतात, तो पहिल्यांदा तपासा. चित्रपटाच्या ब्लू-रेचा वेग सेकंदाला २३.९७६ फ्रेम असतो, आणि आपल्याकडे सवयीने २५ निवडले जातात. मग दर सेकंदाला साधारण एक फ्रेम दोनदा दिसते आणि कॅमेरा सरकताना चित्र अडखळते. चित्र २५ वर पळवले आणि आवाज मूळ वेगाने राहिला, तर शेवटापर्यंत दोघांत साडेपाच मिनिटांहून जास्त अंतर पडते. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू झाल्यावर हा आकडा बदलता येत नाही, सगळे पुन्हा मांडावे लागते.

डिस्कवरची फाइल तशीच कापू नये. तिच्यात पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेले असते आणि बाकीच्या फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून रचल्या जातात, त्यामुळे संगणक धापा टाकतो. ‘प्रोरेस ४२२’ या संकलनाला सोप्या फाइल-प्रकारात बदलून घेतले तर १३९ मिनिटांना सुमारे १२२ जीबी लागतात, ‘प्रोरेस प्रॉक्सी’ या हलक्या प्रतीला सुमारे ३८ जीबी. कापायचे प्रॉक्सीवर, शेवटची प्रत मोठ्या फाइलवरून.

आवाज हा या कामाचा निम्म्याहून मोठा भाग आहे. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापले की सांधा कानाला टोचतो. आवाज ६ ते १२ फ्रेम आधी किंवा नंतर कापा. ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजात संवाद बहुतांशी मधल्या चॅनलवर आणि संगीत डाव्या-उजव्या चॅनलवर असते, त्यामुळे संवाद काढून संगीत बरेचसे वाचवता येते. तरीही सूर मध्येच तुटला, तर त्याच धूनचा मोकळा तुकडा श्रेयनामावलीखाली सापडतो का पाहा. दशावतारात पात्र यायला उशीर झाला तर पेटी आणि मृदंग जागा भरून काढतात, तेच हे काम. रस्त्याच्या गोंगाटासाठी त्याच दृश्यातले संवाद नसलेले दोन-तीन सेकंद घेऊन पसरवा, आणि प्रत्येक जोडाला ३-४ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा चढवणे) द्या.

कोपऱ्यात डोकावणारा खलनायक चित्र मोठे करून चौकटीबाहेर घालवता येतो. ११५ ते १२० टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे कडा मऊ पडतात आणि पडद्यावरचे दाणे मोठे होऊन शॉट वेगळा उठून दिसतो. शॉट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवलात तर दुकानांच्या पाट्या आधी बघा. फ्रेम-फ्रेम रंगवून माणूस पुसणे धूळ आणि हलत्या कॅमेऱ्यात जवळपास अशक्य असते. तीन सेकंदांच्या शॉटला ७२ फ्रेम होतात.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. अख्खा चित्रपट एकदम रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावू नये. २० मिनिटांचे सात भाग करून काढावेत आणि नंतर जोडावेत, म्हणजे गेलाच तर एक भाग जाईल. मालवण-देवगडसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात.

कायद्याचेही भान हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला सवलत आहे, वाटपाला नाही. हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचे कुलूप (नक्कल रोखणारे संरक्षण) तोडल्यास कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आपली आवृत्ती व्हॉट्सअॅपवर फिरवणे, जत्रेत पडदा लावून दाखवणे हे सरळ गैर आहे. काम शिकण्यापुरते ठेवावे.

पूर्ण झाल्यावर मूळ चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला ते दाखवावे. मध्ये काही सांगू नये. शेवटी एवढेच विचारावे: टॅक्सी वर टांगली कोणी? उत्तर देताना ती व्यक्ती अडखळली, तर त्या मिनिटाची वेळ वहीत टिपून पुन्हा टाइमलाइनवर बसावे.

आपले,
संकलनाची आवड असलेले काही वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग