फरशीवरची फांदी : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय, सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी : माननीय मंत्री महोदय, ग्रामविकास विभाग

सविनय नमस्कार.

मी चिंचवडला राहते आणि बँकेत नोकरी करते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा आम्ही सहा मित्रमैत्रिणी दोन छोट्या गाड्या घेऊन सह्याद्रीत जातो. एक माझी वॅगन आर, दुसरी मैत्रिणीची जुनी अल्टो. पहाटे साडेचारला निघायचं, चाकण जागं व्हायच्या आत मागं टाकायचं, नारायणगावात चहा घ्यायचा आणि उजाडताना जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरात पोचायचं, हा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. मग दिवसभर पायी. जीवधन, हडसर, चावंड, नाणेघाट, आणि ज्यांना नकाशावर नावही नाही अशा कितीतरी सोंडा आणि पठारं.

आपल्या खात्याशी आमची ओळख रस्त्याकडेच्या दगडांमुळे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य मार्गाचं हिरवं, जिल्हा मार्गाचं काळं आणि गावाकडे जाणाऱ्या ग्रामसडकेचं नारिंगी. पिवळा संपून नारिंगी सुरू झाला की आमच्या गाडीत आपोआप काचा खाली होतात. भाताची खाचरं लागतात, हिरड्याची झाडं लागतात, शाळेत चालत निघालेली मुलं हात करतात. नारिंगी दगडाचा रस्ता आपल्या खात्याकडे नाही, याची मला कल्पना आहे. धरणाच्या कडेनं जाणारा रस्ता पाटबंधाऱ्यांचा, पुढचा वनखात्याचा, त्यापुढचा जिल्हा परिषदेचा. पण गाडी चालवणाऱ्याला आणि त्या गावात राहणाऱ्याला हे चार मालक दिसत नाहीत. त्यांना एकच रस्ता दिसतो. म्हणून हे पत्र आपल्याला आणि त्याची प्रत ग्रामविकासाला.

छोट्या गाडीबद्दल दोन शब्द सांगते, कारण माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. आमच्या गाड्यांचं पोट जमिनीपासून एकशे साठ-सत्तर मिलिमीटरवर असतं. उखडलेल्या खडीतला एक टोकदार दगड इंजिनखालचं तेलाचं चेंबर फोडायला पुरतो. उंच, दणकट गाडीत बसलेल्याला जो खड्डा जाणवतही नाही, तो आम्हाला थांबून, उतरून, चाकाची वाट बोटानं दाखवत पार करावा लागतो. आमची एक मैत्रीण तर निम्मा घाट गाडीच्या पुढं चालतच चढते. या सावकाशीमुळे रस्ता आम्हाला बारकाईनं कळतो. डांबर नेमकं कुठं सुटतं? जिथं डोंगराच्या अंगाचं गटार मातीनं भरलंय आणि पाण्यानं रस्त्यावरून वाट काढलीय, तिथं. वळणावरची साईडपट्टी कुठं खचते? जिथं मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेच्या, तोंडाशी पालापाचोळा आणि प्लॅस्टिक तुंबलंय, तिथं. डांबराचा वैरी पाणी, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला मी सांगायची गरज नाही.

आणि गावातल्या लोकांची वाहनं तरी कोणती असतात? दोन्ही बाजूंना कॅन लावलेली दुधाची मोटारसायकल, सेकंडहँड मारुती, वडाप जीप, मुक्कामी एसटी. आम्हाला महिन्यातून दोन दिवस जे सोसावं लागतं ते त्यांना रोज सोसावं लागतं.

आता ज्या संध्याकाळीमुळे हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. गावाचं आणि ओढ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणा एका कार्यालयावर बोट ठेवावं, असं माझ्या मनात नाही आणि असे ओढे शेकड्यांनी आहेत.

जुलैचा चौथा शनिवार. दिवसभर पाऊस झाला होता, आम्ही पायथ्याला उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. परतीच्या वाटेवर एक फरशी आहे, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. सकाळी जाताना तिच्यावर पाणी नव्हतं. आता गढूळ पाणी वाहत होतं. किती? फूटभर? गुडघाभर? सांगायला काहीही नव्हतं. कठडा नाही, खांब नाही, फलक नाही. समोरून एक मोटारसायकल त्या पाण्यातून अलगद येऊन गेली. ती गेली म्हणून मला वाटलं, आपणही जाऊ. पहिला गिअर टाकला आणि पुढची चाकं पाण्यात घातली.

तेवढ्यात कडेच्या खाचरातून एक आजोबा इरलं सावरत, हातातलं खोरं उंच करून ओरडत धावत आले. "ताई, गाडी घालू नका! खालच्या अंगाची अर्धी फरशी सकाळीच गेलीय!"

मी गाडी मागं घेतली. मागं घेताना माझे पाय थरथरत होते. मोटारसायकलवाला गावचाच होता, वरच्या अंगानं तीन-चार फूट सिमेंट शिल्लक आहे हे त्याला माहीत होतं. मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. वाहत्या पाण्यात छोटी गाडी फूटभर खोलीलाच हलकी होऊ लागते, मग स्टेअरिंगला काही अर्थ राहत नाही. गाडीत आम्ही तिघी होतो.

आजोबांनी दुपारीच रस्त्यावर दगड मांडून निरगुडीची मोठी फांदी आडवी टाकली होती, तिला लाल फडकंही बांधलं होतं. आमच्या आधी आलेल्या कोणीतरी ती बाजूला सारली आणि नशिबानं पार झाले. आजोबांनी ती उचलून पुन्हा आडवी टाकली, नव्यानं दगड लावले आणि आम्हाला घरी घेऊन गेले. रात्री भात, उडदाचं घुटं आणि नाचणीची भाकरी जेवलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. बोलता बोलता म्हणाले, "माझा बाप मैलकुली होता या रस्त्याला. तो हेच करायचा. तवा त्याला पगार मिळायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही उद्या जाल वो. फरशी गेली की आमचं दूध राहतं, पोरांची शाळा राहते, बाळंतीण अडते."

मंत्री महोदय, मैलकुली हा शब्द आपल्या खात्यानं जपलेला असेल, पण त्या पदावरचा माणूस आम्हाला डोंगरातल्या कुठल्याच रस्त्यावर भेटत नाही. ठरावीक मैलांमागे एक माणूस असायचा. त्याच्याकडे फावडं, घमेलं, कोयता आणि लाल झेंडी. तो गटार उपसायचा, मोरी मोकळी करायचा, वाढलेली झुडपं छाटायचा, खड्डा लहान असतानाच मुरूम टाकून बुजवायचा. रस्ता त्याच्या ओळखीचा असायचा. आज ग्रामसडकेच्या सुरुवातीला फलक असतो, त्यावर रस्त्याची लांबी, खर्च आणि ठेकेदार लिहिलेला असतो, पाच वर्षांच्या देखभालीची तरतूदही लिहिलेली असते. मी ते फलक थांबून वाचते. त्या पाच वर्षांत आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी सहा वाजता त्या फरशीवर नेमकं कोणी उभं राहायचं, हे मात्र कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

माझी मागणी एवढीच आहे. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांना आणि ग्रामसडकांना मैलकुली परत द्या. त्याच गावातला माणूस असू द्या, बाईही असू द्या. निदान वैशाख ते आश्विन तरी त्याला नियमित मोबदला द्या. मृग लागण्याआधी त्यानं गटारं आणि मोऱ्या साफ कराव्यात. प्रत्येक फरशीच्या दोन्ही टोकांना फुटाफुटाच्या खुणा केलेला एक खांब रोवा, एका खुणेच्या वर लाल रंग द्या आणि पाणी लाल रंगाला लागलं की रस्ता बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला द्या. त्यानं आडवा टाकलेला बांबू सारणं हा गुन्हा ठरू द्या. आजोबांच्या फांदीला कायद्याचं बळ हवं, ते आज नाही.

त्याऐवजी होतं काय? पावसाळ्याच्या तोंडावर मनाई आदेश निघतात. पूर्वी कलम 144 खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. धबधबे बंद, गड बंद, घाट बंद. त्यामागची काळजी मला समजते. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते दृश्य आम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिलं. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जण गेले. अशा जागी गर्दी रोखलीच पाहिजे. पण सरसकट आदेश निघाला की तो कागद मोबाइलवर फिरत राहतो आणि साठ-सत्तर किलोमीटर जाऊन एखाद्या वळणावर बॅरिकेड दिसल्यावरच लोकांना तो कळतो. मग ते दुसऱ्या, अनोळखी वाटेनं आत घुसतात, जिथं कोणीही उभं नसतं. आणि पायथ्याच्या गावात ज्या बाईनं चार पाहुण्यांच्या जेवणाचं सामान भरून ठेवलेलं असतं, तिचा अख्खा हंगाम बुडतो. हिरड्याचे आणि भाताचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. शनिवार-रविवारची पिठलं-भाकरी हे तिचं रोखीचं उत्पन्न आहे.

घाट बंद असेल तर ते शेवटच्या फाट्यावर लिहा. वरंध घाट बंद असल्याची पाटी भोर सोडण्याआधी दिसली, माळशेजला दरड आल्याची पाटी आळेफाट्यावर दिसली, तर माणूस गाडी तिथूनच वळवेल. साधा काळा फळा आणि खडू असला तरी चालेल.

नाणेघाट आम्ही बहुतेक दरवर्षी उतरतो. घाटघरकडून चालत निघून खाली कोकणात वैशाखऱ्याला. गुडघा दुखणारा आमचा एक मित्र मागं फिरून, माळशेज उतरून गाडी खाली आणतो आणि आमची वाट पाहतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे आणि वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी वाटसरूकडून जकात घेतली, त्यांच्याच काळात त्याला पाणीही मिळालं. एप्रिलच्या उन्हात त्या टाक्यांपाशी बसलं की मला हे दर वेळी जाणवतं आणि मन भरून येतं.

आणखी एक गोष्ट कळकळीनं मागते. हे रस्ते रुंद करू नका. जुन्नरला 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित केलं, 2025 मध्ये शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता गाड्या वाढणार आणि त्याबरोबर चौपदरीकरणाची मागणीही येणार. उताराचा पायथा पोकलेननं कापला की वरची माती पावसात कधीतरी खाली येणारच. कापलेला राडारोडा दरीच्या अंगाला लोटला की खालचे झरे आणि खाचरं बुजतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव चिखलाखाली गेलं आणि दीडशेवर माणसं गेली. त्या भागातून जाताना आम्ही आजही गाडीतली गाणी बंद करतो. तिथल्या डोंगराचं काय झालं याची चर्चा तज्ज्ञांनी करावी, मी एवढंच म्हणते की आम्हाला वेग नको आहे. एकपदरी रस्ता, दर अर्ध्या किलोमीटरला बाजू द्यायला जागा, आंधळ्या वळणावर गोल आरसा, दरीच्या अंगाला कठडा. आम्ही तीसच्या वेगानं जाऊ आणि एसटीला बाजू देऊ.

आमच्यासारख्यांचा दोषही मी झाकत नाही. गडाच्या पायथ्याला गाड्या अशा लावलेल्या पाहिल्यात की मुक्कामी एसटीला वळायला जागा राहिली नाही आणि गावकऱ्यांना डोक्यावर ओझी घेऊन दीड किलोमीटर चालावं लागलं. देवराईत बाटल्या पाहिल्यात. रात्री बारा वाजता वाड्यावस्त्यांवर मोठ्यानं गाणी लावणारे पाहिलेत. अशांना दंड करा, माझा पाठिंबा आहे. ग्रामपंचायतीला वाहनतळासाठी जागा आणि पावती फाडायचा अधिकार द्या, शंभर रुपये आम्ही आनंदानं देऊ. फक्त त्यातला ठरावीक वाटा त्याच रस्त्याच्या मैलकुलीला मिळतो, हे पावतीवर छापा.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक वही गाडीत ठेवली आहे. ज्या ज्या फरशीवरून गेलो तिची जागा, फाट्यापासूनचं अंतर, कठडा आहे की नाही, कड तुटलीय का, जवळचं घर किती लांब, असं सगळं लिहिलंय. फोटो काढलेत. या पत्रासोबत ती वही आपल्या कार्यालयाला पाठवत आहे. आपण एखादा अभियंता पाठवलात तर दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी आम्ही त्याला आमच्या गाडीतून प्रत्येक जागी नेऊ. वहीतली पहिली नोंद आजोबांच्या फरशीची आहे. वाहून गेलेला भाग गावकऱ्यांनी दगड रचून तात्पुरता भरलाय आणि फांदी तिथंच कडेला, खाचराच्या बांधाला टेकवून ठेवलीय.

आपली विश्वासू,
एक बँक कर्मचारी, चिंचवड